खांद्याचं छत

आमच्या वन्सं गिलावा करतात. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात, आणि बांधकामांवर त्यांना कुणी नावाने ओळखत नाही. 'छतवाली मोकळी आहे का?' एवढंच विचारत माणसं दारात येतात.

भिंतीला गिलावा करणारे पुष्कळ. छताला करणारे थोडे, आणि आवडीने करणारी मला माहीत असलेली ही एकच. भिंतीवर लावलेला माल भिंत धरून ठेवते, छतावरचा माल मात्र खाली यायला टपलेलाच असतो. कालवलेल्या सिमेंट-वाळूला बांधकामावर नुसतं 'माल' म्हणतात. तो थापीवर घ्यायचा, डोक्यावर नेऊन दाबून लावायचा, धरेपर्यंत हात खाली आणायचा नाही, आणि मग लाकडी रंध्याने गोल गोल घासत सपाट करत जायचं. तोंड वर, मान मागे, डोळ्यांत बारीक कच. मी देवापुढे क्षणभर हात वर करते, तेवढ्यातही माझे खांदे भरून येतात. वन्सं दिवसभर तशाच उभ्या. एकदा मी त्यांना तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "तुझ्या मागण्याचं काय झालं ते कळायला वेळ लागतो वहिनी. माझं संध्याकाळपर्यंत वाळलेलं दिसतं."

सासरे गवंडी होते. मुलगा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर भोकाड पसरायचा म्हणून तो शिवणयंत्रावर बसला आणि मुलगी परांचीवर चढली. आमचे हे टेलर झाले ते असे. वन्सं अजूनही चिडवतात, "ह्याला खुर्चीवर उभा केला तरी दोर बांधावा लागतो." ह्यांचंही उत्तर ठरलेलं, "तुझ्या कामाला अस्तर तरी असतं का?"

वन्संचा खांदा धरला तो एका गोदामाच्या छतावर. मध्ये बरेच दिवस काम नव्हतं. मग एकदम ते गोदाम आलं, त्यातच त्यांची जोडीदारीण तापाने पडली. दोघींचं छत वन्संनी एकटीने ओढलं. घरी येऊन रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी म्हणाल्या, "वहिनी, तो वरच्या फळीवरचा डबा तूच काढ ना." वन्सं बुटक्या आहेत, तरी वरचा डबा नेहमी त्याच काढायच्या, स्टुलावर चढून, कुणी मदतीला आलं तर रागवायच्या. मी डबा काढला आणि समजायचं ते समजले.

दुसऱ्या दिवशी त्यांना वेणी घालता येईना. हात कानापर्यंत जाई आणि तिथे कुणीतरी आतून चिमटा काढल्यासारखा थांबे. मी त्यांना समोर बसवून वेणी घालू लागले. सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"कुणीतरी करणी केलीय हिच्यावर," त्या म्हणाल्या. "ती गोदामवाल्याची बायको मला तेव्हाच बरी वाटली नव्हती."

थापीला जुने गवंडी करणी म्हणतात. वन्संनी डाव्या हाताने कामाच्या पिशवीतून थापी काढली आणि आईपुढे ठेवली. "ही बघ. हिनेच केली."

सासूबाईंनी दुसरं निदान केलं. शीर शिरेवर चढली आहे, ती दाबून खाली उतरवायला हवी. तेल कोमट करून त्यांनी अंगठ्याने असा काही दाब दिला की एरवी अंगावर घमेलं पडलं तरी हूं न करणाऱ्या वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं. "उतरतेय, उतरतेय," सासूबाई म्हणत राहिल्या. कोण उतरत होतं देव जाणे. खांदा मात्र दुसऱ्या दिवशी आणखी दुखला.

अशातच मुकादम आला, आणि तो काम घेऊन आला ते नेमकं वन्संना हवं असलेलं.

आमच्याकडे एक जुनं प्रसूतिगृह आहे. त्यातली बायकांची मोठी खोली लांबच लांब, वर कमानदार छत. त्या छताचा गिलावा सुटत चालला होता. एकदा ताटलीएवढा तुकडा पाळण्याशेजारी पडला. बाळ वाचलं ते देवाच्या कृपेने. तेव्हापासून वन्संनी मुकादमाच्या कानी घालून ठेवलं होतं, ते काम निघालं तर मला सांग. छत कुणी बघत नाही म्हणतात, त्यावर वन्संचं म्हणणं असं, की उभा माणूस नाही बघत, पण आडवा पडलेला दुसरं काय बघणार? आणि पाठीवर पडून कळा सोसणारी बाई तर दुसरीकडे बघूच शकत नाही. हे खरं आहे. माझी दोन्ही बाळंतपणं त्याच खोलीत झाली. देवाचं नाव घेत मी ज्या भेगेकडे बघत होते तिच्यात मला एक उंट दिसायचा. दुसऱ्या खेपेला उंटाला दुसरं वशिंड फुटलं होतं.

मुकादम म्हणाला, "नवी इमारत उभी राहतेय. ती झाली की बायकांना तिकडे हलवणार आणि ही खोली आपल्याला देणार. अजून काही महिने आहेत. तोवर तुझा हात बरा झाला तर छत तुझं. नाही झाला तर मी पट्ट्या ठोकून खालून बोर्ड लावून टाकतो."

"आणि वरचं?"

"वरचं झाकलं की झालं."

"झाकलेल्याच्या वर पाणी मुरलं आणि सगळं बोर्डासकट कुणाच्या पोटावर आलं तर?"

मुकादम चहा पीत होता. "असं तोंडावर अभद्र बोलू नकोस. माझ्याकडे कमानीखाली उभं राहून काम करणारं दुसरं कोण आहे, तू सांग."

कुणीच नव्हतं. तेच वन्संच्या डोक्यात बसलं.

वन्सं डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर चांगले, पण बाहेर बाकडी गच्च भरलेली. त्यांनी हात हलवून बघितला, फोटो काढायला लावला, हाड शाबूत आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "हाताला आराम द्या."

वन्संचा स्वभाव असा, की एकदा काम अंगावर घेतलं की अर्धं सोडायचं नाही. त्यांनी आरामही तसाच केला. ह्यांनी त्यांना गळ्यात अडकवायची झोळी शिवून दिली, अस्तर लावून, शिवाय आत रुमालापुरता खिसा. हात त्या झोळीत गेला तो गेलाच. त्या डाव्या हाताने चमच्याने जेवत. दार डाव्या हाताने उघडत. चुकून उजवा हात पुढे झाला तर सासूबाई पलंगावरून ओरडत, "आराम, आराम."

ठरल्या दिवशी पुन्हा डॉक्टर. त्यांनी मान वर करून विचारलं, "आराम आहे का?"

"पूर्ण आराम आहे," वन्सं अभिमानाने म्हणाल्या.

"छान. मग असंच चालू ठेवा."

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. डॉक्टर खूश, वन्सं खूश. फक्त हात खूश नव्हता. झोळीतून काढला की तो लाकडासारखा अंगाला चिकटून राही. पूर्वी कानापर्यंत तरी जात होता, आता छातीपर्यंतही येईना. एके दिवशी मुकादम सहज म्हणून डोकावला, झोळीकडे बघितलं आणि जाताना ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "मी बोर्ड सांगून ठेवतो. वाईट वाटून घेऊ नका."

वन्संना ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलला होता. पण बांधकामावरची माणसं हळू बोलली तरी शेजारच्या इमारतीत ऐकू येतं. त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. मी देवापुढे बसले तेव्हा माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी काही मागत असशील तर नीट माग. हात बरा कर म्हणू नकोस. हात वर जाऊ दे म्हण."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनीच मग सांगितलं, की मागच्या बाजूला फिजिओथेरपीच्या बाई बसतात, त्यांना दाखवा. आम्ही त्यांना व्यायामवाल्या बाई म्हणू लागलो. वयाने वन्संच्या निम्म्या, अंगाने काटकुळ्या, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. खोलीत एक पलंग, भिंतीला टांगलेले रबरी पट्टे, टेबलावर हाडांचा एक खांदा.

"झोळी कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "मग काही आराम पडला का?"

"पडला म्हणजे? मी आरामच करतेय. चमचासुद्धा उचलला नाही या हाताने."

"ते नाही हो. दुखणं कमी झालं का, असं विचारतेय मी."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे. मग वन्सं सावकाश म्हणाल्या, "आराम आहे का, म्हणजे दुखायचं थांबलं का?"

"हो. मग तुम्ही डॉक्टरांना काय सांगत होतात?"

"पूर्ण आराम आहे."

"आणि ते?"

"असंच चालू ठेवा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंडावर हात धरला. हसू आवरेना. वन्सं आधी रागाने बघत होत्या, मग त्याही हसायला लागल्या. खांदा हलला तसं हसता हसता कळवळल्या, आणि कळवळताना पुन्हा हसल्या. एक शब्द, आणि त्याच्या दोन खोल्यांत दोन शहाणी माणसं इतके दिवस सुखाने राहत होती.

सासूबाईंचा निरोप मला पोचवायचा होता. मी म्हटलं, "आमच्या सासूबाई म्हणतात शीर चढलीय."

"शिरेत रक्त असतं. ही ती नव्हे," बाई म्हणाल्या. "ताई, बरा हात उताणा नको, पालथा धरा. आता बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. हाताच्या पाठीवर दोर सरकताना दिसतात?"

दिसत होते. वन्संच्या हातांवर मांस नाही, दोरच दोर.

"बोटांमध्ये स्नायू नसतातच. बोटं उचलणारे मोठे स्नायू इथे आहेत, कोपराखाली. ते आखडतात, आणि त्यांची ओढ या दोरांतून बोटांपर्यंत जाते. या दोराला कंडरा म्हणतात. एक टोक स्नायूत, एक हाडात. स्नायूला आयुष्यात एवढं एकच येतं, ओढणं. ढकलणं त्याला येत नाही."

"मी तर माल ढकलूनच लावते."

"तुम्ही ढकलता. आत मात्र कुणीतरी ओढत असतं."

वन्संनी बऱ्या हाताने हवेत दोर ओढला. "म्हणजे कप्पी. दोर खाली ओढायचा आणि घमेलं वर जातं."

"बरोबर. मला ही कप्पी आधी सुचली असती तर फार बोलावं लागलं नसतं." मग त्यांनी तो हाडांचा खांदा पुढे ओढला. दंडाच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल, आणि तो चेंडू टेकलेला होता एका उथळ बशीला. बशी उथळ म्हणूनच हात चहूकडे फिरतो, त्या म्हणाल्या. पण उथळ बशीवरचा चेंडू घरंगळणार, म्हणून चार छोटे स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून बशीला दाबून धरतात. वरून दिसतो तो मोठा स्नायू हात उचलतो, आणि तो उचलत असताना हे चौघे चेंडू जागेवर ठेवतात. त्यांतल्या सगळ्यांत वरच्याची कंडरा एका अरुंद फटीतून जाते. फटीच्या वर एक चपटं हाड.

"हे काय?" वन्संनी विचारलं.

"हे खांद्याचं छत म्हणा."

वन्संनी स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून ते हाड शोधलं. बराच वेळ चाचपत राहिल्या. म्हणाल्या, "दुनियेची छतं बघत फिरले. घरचं राहिलं."

मी मात्र मनात हात जोडले. एवढ्याशा जागेत दोर, चेंडू, बशी आणि वर छत, हे सगळं बसवायचं, त्यावर कातडं ओढून घ्यायचं आणि माणसाला पन्नाशीपर्यंत कळूही द्यायचं नाही. असा कारागीर दुसरा नाही.

बाई सांगत होत्या, "बरेच दिवस काम नाही आणि मग एकदम दोघींचं ओझं. कंडरेला ते झेपलं नाही, ती दुखावली. स्नायूला रक्त भरपूर, तो लवकर सावरतो. कंडरेचं सगळं सावकाश. तिला थोडे दिवस आराम हवाच होता. पण ती अशी आहे, की तुम्ही जेवढं ओझं द्याल तेवढ्यापुरतीच तयार राहते. तुम्ही तिला इतके दिवस काही म्हणजे काहीच दिलं नाही. चमचासुद्धा नाही, असं तुम्हीच म्हणालात. वर सांधाही आखडलाय. आता हळूहळू वाढवत नेऊ."

"छताला लागेल?"

"आधी भिंतीला लागू दे."

आणि खरंच भिंतच. आमच्या घराच्या मधल्या बोळातल्या भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि बोटांनीच भिंत चढत जायची. जिथे थांबेल तिथे मी पेन्सिलीने रेघ मारायची. ती भिंत वन्संनीच गिलावा केलेली, आरशासारखी गुळगुळीत, त्यामुळे बोटं घसरायची. "थोडी खरबरीत करायला काय झालं होतं मला," त्या स्वतःवरच चिडायच्या. सासूबाईंना हा उपाय मुळीच पटला नव्हता. "पाल बरी," त्या म्हणायच्या, "निदान किडे खाते."

मग दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून ओढायचं. बाईंचा पट्टा तुटला तेव्हा ह्यांनी दुकानातून चड्डीचं रुंद इलास्टिक आणून दिलं, आणि ते जास्त टिकलं. मग पाण्याची बाटली उचलायची आणि सावकाश, अगदी सावकाश खाली आणायची. दुखलं तर? बाईंनी नियम सांगितला होता. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसलं म्हणजे झालं. वाढलं असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पाऊल मागे. सकाळी चहाच्या वेळी सगळं घर वन्संच्या तोंडाकडे बघायचं. त्या कप उजव्या हाताने उचलायच्या, की आम्ही समजायचो.

पेन्सिलीच्या रेघा भिंतीवर चढत गेल्या. एका सकाळी मी कंगवा घेऊन गेले तर वेणी घालून झालेली. वाकडी होती, पण स्वतःची. "तू आता दुसरीकडे काम बघ," वन्सं म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, जिंकलं. म्हणून त्यांनी शेजारच्या गॅलरीचं छोटंसं छत हातात घेतलं, चाचणी म्हणून. तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी कप डाव्या हाताने उचलला.

त्याच आठवड्यात प्रसूतिगृहातल्या बायका नव्या इमारतीत गेल्या आणि बोर्डाचे गठ्ठे रिकाम्या खोलीत येऊन पडले. वन्सं बाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "रेघ माझ्या डोक्याच्या वर पोचली. मग थापी हातात घेतली की काय होतं?"

बाई म्हणाल्या, "ते मला इथे बसून नाही कळायचं. तुम्ही कसं करता ते दाखवा."

त्या संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. बोळात दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकली, तीच परांची. फळी किती उंचीवर टाकायची त्याचं वन्संकडे माप आहे. सासऱ्यांची काठी. काठीचं वरचं टोक छताला टेकवायचं, खालचं टोक येईल तिथे फळी. सासरे तसंच करायचे, वन्संनी दुसरं कधी केलं नाही. आम्हीही त्या मापाने फळी लावली. वन्सं चढल्या, कोरडी थापी घेतली आणि नेहमीसारखा हात चालवला.

बाई खाली मान वर करून बघत होत्या. "टाचा का उचलता?"

"काम असंच असतं."

"सगळे उचलतात?"

"उचलत असतील. बाबा नाही उचलायचे."

हे दारात उभे होते, गळ्यात टेप. आता हे बोलणार आणि काहीतरी चिडवणार असं मला वाटलं. पण हे नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "ताई, बाबांचे सदरे मी शिवायचो. तुझे ब्लाऊजही मी शिवतो. ते तुझ्यापेक्षा वीतभर उंच होते, वर चार बोटं. आणि त्यांची बाही तुझ्याहून किती लांब होती ते विचारूच नकोस."

वन्संचा हात वरच राहिला.

"म्हणजे तुम्ही एवढी वर्षं वडिलांच्या उंचीवर उभ्या राहून काम करताय," बाई म्हणाल्या. "हात पूर्ण ताणलेला, कोपर सरळ, ओझं अंगापासून लांब. त्या फटीतल्या कंडरेला यापेक्षा वाईट जागा नाही. एरवी ती चालवून घेत होती. आता नाही घेत." त्यांनी आम्हाला फळीखाली विटा लावायला सांगितल्या. वीतभर आणि चार बोटं. वन्सं पुन्हा चढल्या. छत आता त्यांच्या डोक्याच्या जरासंच वर होतं. कोपर वाकलेलं, हात तोंडासमोर. त्यांनी थापी फिरवली. एकदा, दोनदा.

"हलकं आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा फिरवून बघितली, फसवणूक तर नाही ना अशा नजरेने. "वहिनी, फार हलकं आहे गं."

काठीचा प्रश्न राहिला. हे म्हणाले नवी काठी कर. वन्सं म्हणाल्या, नवी केली तरी घाईत माझा हात जुनीवरच जाईल, आणि जुनी घरात असताना नवी वापरली असं बाबांना वाटायला नको. कापायचं म्हटलं तर सासूबाई काठी मांडीवर घेऊन बसलेल्या. गेल्या माणसाची वस्तू.

शेवटी सासूबाईच बोलल्या. "ही काठी त्यांनी माझ्यासमोर कापली होती. नुकतंच लग्न झालं होतं आमचं. मी विचारलं, एवढीच का? तर म्हणाले, मी एवढाच आहे म्हणून." त्यांनी काठी लेकीपुढे धरली. "तू तेवढी नाहीस. आण ती करवत."

एक टोक सासूबाईंनी धरलं, एक मी. वन्संनी स्वतः कापली, उजव्या हाताने. कापलेला तुकडा सासूबाईंनी पाठ खाजवायला ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी वन्सं मुकादमाकडे गेल्या. तो म्हणाला, "बोर्ड आलेत."

"दिसले. छताचा एक खण, एवढाच भाग, करून दाखवते. मग ठरव."

मुकादमाने डोकं खाजवलं. "एक खण. सकाळपर्यंत सुटला, नाही तर तुझा हात सुटला, तर मी पट्ट्या ठोकणार. नंतर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

मी डबा घेऊन गेले तेव्हा काम चाललेलं होतं. लांब खोली रिकामी, पलंग एका कोपऱ्यात एकावर एक रचलेले, भिंतीला प्लास्टिकमधले बोर्ड. जोडीदारीण बरी होऊन आली होती, ती खालून माल देत होती. परांची लावणारे दोघं वन्संना हसत होते. "छतवाली, फळी फार वर घेतलीस. डोकं आपटेल."

"माझं नाही आपटत. तुझं आपटेल. म्हणून तू खालीच राहा."

मी भिंतीशी टेकून उभी राहिले. सुटलेला गिलावा खरवडून झाला होता, आतली वीट धुतलेली. वन्सं माल घेत, कमानीच्या पोटाशी नेत, दाबत. कोपर वाकलेलं. पूर्वी ताणून तीन हात मारायच्या तिथे आता दोन पावलं सरकत आणि जवळून मारत. थोडा भाग झाला की खाली उतरत, हात सैल सोडून झुलवत, पाणी पीत आणि पुन्हा चढत. पूर्वी त्यांना उतरलेलं कुणी बघितलं नव्हतं. एकजण म्हणालाही, "दमलीस का गं?" वन्सं म्हणाल्या, "तुझा खांदा तुला कधी दिसलाय? मी माझा आतून बघितलाय."

दुपार उतरली तेव्हा शेवटचा रंधा फिरवायचा होता. हा एका दमात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कमानीच्या वळणावरून, मध्ये हात उचलायचा नाही. उचलला की तिथे रेघ राहते. वन्सं एका टोकाला उभ्या राहिल्या, रंधा टेकवला आणि निघाल्या. हाताबरोबर पाय चालत होते, पायांबरोबर कमान. मी देवाचं नाव घेत होते, पण डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या भिंतीशी रंधा पोचला आणि त्यांनी तो अलगद सोडवला. ओला गिलावा नुसता चमकत होता. त्यात कुठे भेग नाही, रेघ नाही, उंट नाही, काही नाही.

आता सकाळी दोन गोष्टी बघायच्या होत्या, छत आणि खांदा.

सकाळी मी चहा ठेवला. सासूबाई उठून बसल्या होत्या, हेही यंत्रावर न बसता तिथेच घुटमळत होते. वन्सं आल्या, पाटावर बसल्या, उजव्या हाताने कप उचलला आणि तो तोंडाला न लावता तसाच डोक्यावर नेला, छताकडे, आम्हाला दाखवायला. थोडा चहा सांडला. सासूबाई म्हणाल्या, "सांड, सांड. आज काही बोलत नाही."

"एक पास," वन्सं म्हणाल्या. "चल, दुसरं बघू."

मीही गेले. मुकादम आमच्या आधी पोचला होता. परांचीवर चढून तो थापीच्या मुठीने नव्या गिलाव्यावर ठोकत होता. आत माल धरला नसेल तर पोकळ आवाज येतो. त्याने कडेला ठोकलं, मध्ये ठोकलं, वळणावर कान लावून ठोकलं. सगळीकडे भरीव. मग रंध्याची रेघ सापडते का म्हणून तळहात फिरवत इकडून तिकडे गेला. वन्सं खाली हात बांधून उभ्या होत्या.

तो उतरला, खिशातून फोन काढला. "हां, गाडी घेऊन ये," तो कुणाला तरी म्हणाला. "नाही, काही आणायचं नाही. रिकामीच ये. बोर्ड परत न्यायचेत." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही रे, चांगलेच आहेत. लागत नाहीत."

फोन ठेवून तो वन्संना काहीतरी सांगायला वळला. पण वन्सं तिथे नव्हत्या. पुढच्या खणाखाली काठी छताला टेकवून त्या परांचीवाल्यांना सांगत होत्या, फळी आणखी चार बोटं वर घ्या.